तळपायाची आग आणि मोडणारी झोप: रात्री नेमके केव्हा काय बिघडते ते शोधून उपाय करणे

दिवसभर शेतात वा शाळेत वावरताना पायांची आग कशीबशी सोसवते. परंतु रात्री दिवा मालवून बाजेवर अंग टाकले की तळपायांत मुंग्या धावू लागतात, बोटांत सुया टोचल्यासारखे होते, मधूनच विजेचा झटका बसावा तशी चमक पोटरीपर्यंत जाते आणि पायांवरच्या चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. औषध सुरू केल्यावर चार-सहा आठवडे बरे जातात आणि मग तीच रात्र पुन्हा येते. अशा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या रात्रींविषयी हे लिहीत आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो, मला मधुमेह होऊन १४ वर्षे झाली आणि पायांच्या नसांची वेदना गेली ६ वर्षे सोबत आहे. माझ्या आईला ७२व्या वर्षी नागीण झाली आणि फोड वाळून गेल्यावरही बरगडीवरची आग तिला वर्षभर झोपू देत नव्हती. आम्हा दोघांची झोप एकाच घरात मोडत होती, पण निरनिराळ्या वेळी मोडत होती, आणि सारा उलगडा त्या वेळेत आहे हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

‘झोप येत नाही’ असे आपण डॉक्टरांना एका वाक्यात सांगतो आणि उत्तरही एका गोळीत मिळते. परंतु अंथरुणावर पडल्यावर तास-दोन तास डोळाच न लागणे, लागलेला डोळा मध्यरात्री वेदनेने उघडणे आणि पहाटे चारला जाग येऊन पुन्हा झोप न येणे या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही. म्हणून काहीही करण्यापूर्वी एका साध्या वहीत सलग १४ दिवस इतकेच लिहावे: अंथरुणावर किती वाजता पडलो, जाग किती वाजता आली, तेव्हा वेदना ० ते १० यांपैकी किती होती, आणि संध्याकाळनंतर चहा, खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण), जेवण व गोळी किती वाजता घेतली. आईला लिहिता येत नसल्यामुळे ती सकाळी सांगे आणि माझी मुलगी लिहून घेई. त्या वहीत माझ्या १४ पैकी ११ रात्री अडीच ते तीनच्या दरम्यान मोडलेल्या निघाल्या, तर आईचा डोळा साडेबारापर्यंत लागतच नव्हता आणि एकदा लागला की ती सकाळपर्यंत उठत नव्हती. दोघांनाही तोवर एकाच प्रकारचे उपाय सांगितले जात होते.

ही वेदना नसेचीच आहे ना?

नसेची वेदना बहुधा जळजळ, चटके, मुंग्या, टोचणी किंवा झटका या रूपांत येते, आणि विशेष म्हणजे ज्या जागी ती होते त्याच जागी स्पर्शही कमी कळत असतो. आई म्हणायची, “बरगडीवर इंगय ठेवल्यावानी वाटते रे बाबू,” म्हणजे निखारा ठेवल्यासारखे, आणि त्याच बरगडीवर बोट फिरवले तर तिला ते धड समजत नसे. बधिरपणा व आग एकत्र नांदणे ही या दुखण्याची मोठी खूण आहे.

रात्री पाय दुखण्याची इतर कारणे याच्याशी सहज मिसळतात. पोटरीत गोळा येऊन ती दगडासारखी घट्ट होणे आणि पंजा स्वतःकडे ओढून धरला की काही मिनिटांत सैल पडणे, हा स्नायूंचा त्रास होय. पाय सतत हलवत राहावेसे वाटणे, उठून चार पावले चालले की बरे वाटणे आणि पुन्हा पडताच तेच सुरू होणे, हा अस्वस्थ पायांचा वेगळाच विकार असून अंगात लोहाचा साठा कमी असला तर तो बळावतो. खेड्यातील रक्तक्षय असलेल्या बायांमध्ये त्याची शंका अवश्य घ्यावी आणि हा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. तो विकार असताना नसेच्या वेदनेवरची अमिट्रिप्टिलीनसारखी गोळी दिली गेली तर काहींचा त्रास उलट वाढतो, म्हणून हा फरक केवळ शब्दांचा नाही. हातांच्या बाबतीत, कापूस वेचणाऱ्या किंवा रोज धारा काढणाऱ्या माणसाला रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटाजवळ नस दबत असल्याचा संभव मोठा आहे. झोपेत मनगट मुडपले जाते, म्हणून ते सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधणे हाच तेथे पहिला उपाय आहे.

एक प्रकार मात्र घाईचा आहे. पाय बाजेखाली लोंबता सोडला की दुखणे कमी होते आणि वर घेतला की वाढते, पाय थंडगार लागतो, बोटे फिकट वा काळपट दिसतात, आणि माणूस वर्षानुवर्षे बिडी-तंबाखूचा आहे, अशी स्थिती असेल तर रक्तपुरवठाच कमी पडत असतो. तेथे झोपेचे उपाय करीत बसू नये, दोन-चार दिवसांच्या आत मोठ्या रुग्णालयात जावे. त्याचप्रमाणे कंबरेच्या दुखण्यात मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, पायातली ताकद एकाएकी जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघावे.

वेदना नसेची आहे असे ठरल्यावर नस बिघडली कशामुळे, हा प्रश्न सोडू नये. आपल्याकडे मधुमेह हे ठळक कारण आहे, पण एकमेव नाही. माळकरी घरांत, जिथे मांस-अंडी वर्ज्य आणि दूधही बेताचे, तिथे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते; त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे सुरू असेल तर ती अधिकच वाढते, आणि ही कमतरता भरून काढता येत असल्यामुळे तिची तपासणी न करता राहणे मला अक्षम्य वाटते. दारूने नसा बिघडतात. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड या औषधानेही बिघडू शकतात, म्हणूनच त्यासोबत बी-६ची गोळी देतात, ती टाळू नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते आपण विसरलेलो नाही. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतून माणूस वाचल्यावरही दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या व अशक्तपणा सुरू होऊ शकतो, तेव्हा फवारणीचा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

कुष्ठरोगाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण तो झाकला जातो. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तरीही पूर्व विदर्भात आजही नवे रुग्ण सापडतात आणि लाजेपोटी उशिरा पुढे येतात. अंगावर न खाजणारा, बधिर, फिकट वा लालसर चट्टा असेल, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागत असेल आणि तिथून हातात कळ जात असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. या रोगाचे औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. नस एकाएकी दुखू लागली वा हाताची बोटे वाकडी पडू लागली तर वेळेत दिलेल्या स्टेरॉइडने ती वाचू शकते, महिने गेल्यावर वाचत नाही.

पडल्यावर डोळाच लागत नाही

दिवसा मन कामात गुंतलेले असते, म्हणून मेंदूपर्यंत पोचणाऱ्या वेदनेकडे लक्ष कमी जाते. रात्री शांतता झाली की तीच वेदना मोठी होते. बिघडलेली नस बाहेरून काही न लागताही आपोआप संदेश सोडीत राहते, आणि थंडी वा हलका स्पर्श यांनी ती अधिक चाळवते. तेव्हा वेदना रात्री ‘मनाची’ असते असे कोणी म्हटले तर ते खरे नाही.

आईच्या बाबतीत मुख्य अडथळा स्पर्शाचा होता. नागिणीनंतरच्या वेदनेत घासणारा हलका स्पर्श सर्वांत जास्त झोंबतो, उलट घट्ट बसलेले, न हलणारे मऊ कापड पुष्कळदा चालते. तिच्यासाठी आम्ही जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची रुंद पट्टी छातीभोवती न हलेल इतपत, श्वास मोकळा राहील अशी बांधली आणि वर सैल चोळी न घालता सदरा दिला. डॉक्टरांनी कातडी बधिर करणारे लिडोकेनचे मलम फोड पूर्ण वाळलेल्या अखंड कातडीवर लावायला सांगितले होते, ते पडण्यापूर्वी अर्धा तास लावू लागलो. पहिल्या आठवड्यातच तिची झोप साडेबारावरून साडेदहा-अकरावर आली. येथे एक खंत नोंदवतो. फोड उठले तेव्हा आम्ही आधी गेरू लावला आणि नागीण ‘उतरवून’ घेण्यात पाच दिवस घालवले. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू होणे सर्वांत हिताचे असते, ती वेळ आमच्या हातून गेली. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस मरतो ही समजूत निराधार आहे, आणि या समजुतीच्या धास्तीनेच लोक दवाखान्याऐवजी दुसरीकडे धावतात.

पायांच्या आगीत चादर पंजांवर टेकू नये याची सोय करावी. शहरात त्यासाठी लोखंडी कमान मिळते. आमच्याकडे बांबूचे टोपले एका बाजूने कापून पायथ्याशी पालथे ठेवले, त्यावरून वाकळ घेतली की पाय आत मोकळे राहतात आणि ऊबही टिकते. मच्छरदाणीचा काठ पंजांना लागत असेल तर तीही पायथ्याकडून वर ताणून बांधावी. बाजेच्या सुतळीला झोळ पडला असेल आणि दुखणे कंबरेतून पायात जाणारे असेल, तर बाज कसून घ्यावी किंवा सरळ जमिनीवर जाड गादी घालावी. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी आणि उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी दिल्याने कंबरेतल्या नसेवरचा ताण उतरतो.

झोपण्यापूर्वी १० मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवल्याने मला बरे वाटते. परंतु पाणी किती गरम आहे हे पायाने कधीही पाहू नये, कोपराने पाहावे, किंवा घरातील दुसऱ्या माणसाने पाहावे, कारण बधिर पायाला पोळल्याचे कळत नाही. शेकोटीशी पाय धरून बसणे, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून लावणे, रबरी पिशवीत उकळते पाणी भरणे, हे सारे मधुमेहाच्या पायाला धोक्याचे आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांची जखम पौष महिन्यातील एका शेकोटीपासून सुरू झाली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि त्याच वेळी तळपाय आरशात पाहून घ्यावा. बर्फही लावू नये. मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याचे मलम नसांच्या वेदनेवर वापरतात हे खरे आहे, पण त्यात त्याचे प्रमाण मोजून अगदी थोडे ठेवलेले असते. ते ऐकून कोणी भिवापुरी मिरची वाटून पायाला लावू नये, कातडी भाजून निघेल.

चहा व खर्रा यांविषयी मी आग्रही आहे. चहातील कॅफिनचे अंगातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणून संध्याकाळी सात वाजता भजनानंतर घेतलेला चहा मध्यरात्रीपर्यंत जागा असतो. खर्ऱ्यातील तंबाखू झोप उडवते आणि रक्तवाहिन्या आवळून आधीच उपाशी असलेल्या नसांना अधिक उपाशी ठेवते. माझ्या वहीत ज्या तीन रात्री सर्वांत वाईट निघाल्या, त्या तिन्ही रात्री मी जेवणानंतर खर्रा खाल्ला होता. त्यानंतर मी तो सोडला, आणि सोडायला चार महिने लागले. मोहाची दारू घेतल्यावर डोळा लवकर लागतो असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत, परंतु उत्तररात्री तीच झोप फाटते, नसा अधिक बिघडतात आणि वेदनेच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

मध्यरात्री जाग येते

माझी तक्रार हीच होती आणि तिचे कारण घड्याळात सापडले. गॅबापेंटिन व प्रीगॅबलिन ही नसेच्या वेदनेवरची औषधे अंगात फार काळ टिकत नाहीत. निम्मी ओसरायला सुमारे सहा तास लागतात. खेड्यातील रिवाजाप्रमाणे मी सात वाजता जेवून लगेच गोळी घेत होतो आणि साडेनऊला झोपत होतो, त्यामुळे झोप जेमतेम पाच तासांची होते न होते तोच गोळीचा जोर उतरत होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात वही दाखवल्यावर डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, मात्राही वाढवली नाही, फक्त ती नऊ वाजता घ्यायला सांगितली, आणि तीनची जाग साडेचारवर गेली. अमिट्रिप्टिलीनचे उलट आहे. ती उशिरा काम सुरू करते आणि लांबवर टिकते, म्हणून झोपण्यापूर्वी एक-दोन तास आधी घेतात; तीच अकरा वाजता घेतली तर सकाळी डोके जड राहते. याच वेदनेवर देतात त्या ड्युलोक्सेटीनने काहींची झोपच उडते, अशांना ती सकाळी घ्यायला सांगतात. या वेळा आपण आपल्या मनाने बदलू नयेत, परंतु डॉक्टरांना ‘गोळी किती वाजता घेऊ’ हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण चिठ्ठीवर फक्त ‘रात्री’ असे लिहिलेले असते.

मध्यरात्रीची प्रत्येक जाग वेदनेची नसते. इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस दोन-तीनच्या सुमारास घामाने भिजून, छातीत धडधडत उठत असेल तर साखर उतरली असण्याचा संभव आहे; घरच्या यंत्रावर ती ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळली, किंवा यंत्र नसताना लक्षणे तशी असली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि हे डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी कळवावे. लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागत असेल तर साखर चढलेली असू शकते, तिथे पायाचे औषध वाढवून काही होणार नाही. पायांवर सूज असणाऱ्यांनी दुपारी तासभर पाय उंचावर ठेवावेत, म्हणजे दिवसभर साठलेले पाणी रात्री लघवीवाटे उठवणार नाही. मात्र सूज प्रीगॅबलिननेही येते आणि हृदय-मूत्रपिंडाच्या आजारानेही येते, म्हणून ती एकदा दाखवून घ्यावी.

जाग आल्यावर काय करावे, यात माझी सर्वांत मोठी चूक होती. मी तासन्‌तास पडून घड्याळ पाहत असे आणि मोबाईल उघडत असे. साधारण २० मिनिटांत डोळा लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर मंद दिव्यात बसावे, पायांना हलक्या हाताने तेल लावावे, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्यावा, हरिपाठाचे अभंग मनात म्हणावेत, आणि पापण्या जडावल्यावरच बाजेवर परतावे. मेंदूला बाज म्हणजे तळमळ अशी सवय लागलेली असते, ती अशी मोडावी लागते. त्यासाठी रात्र कितीही वाईट गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी आणि दुपारची झोप तीनच्या आधी, अर्ध्या तासाची असावी. पहिले दहा दिवस हे फार जड जाते. मी दोनदा सोडून दिले आणि तिसऱ्यांदा धरले.

पहाटेची जाग

पहाटे हवेतला गारवा वाढतो आणि पाय उघडे पडलेले असतात; सैल रबराचे, शिवण बाहेरून असलेले सुती मोजे घातल्याने अनेकांची ही जाग थांबते. परंतु रोज पहाटे चारला जाग येत असेल, मन काळवंडलेले असेल, कर्ज, पीक, मुलीचे लग्न असे विचार घेरत असतील, जेवण आणि माणसे नकोशी झाली असतील, तर ते केवळ पायांचे दुखणे राहिलेले नाही. लांबलेली वेदना व मोडलेली झोप माणसाला खचवतात, आणि आपल्या भागाने त्याची किंमत फार मोजली आहे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही आला असेल तर तो घरातल्या माणसाला त्याच दिवशी सांगावा. घरच्यांनीही तो ऐकून घ्यावा, समजूत घालून झाकू नये, आणि घरातील फवारणीचे औषध कुलपात ठेवावे.

गोळी लागू पडत नाही असे वाटते तेव्हा

आमच्या बाजारच्या गावातील एका औषध दुकानातून मी जवळपास पाच महिने डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून खात होतो. सुजेच्या दुखण्यावर त्या चालतात, नसेच्या वेदनेवर त्यांचा उपयोग फारसा होत नाही, आणि मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला त्या घातक ठरतात. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे माझ्या रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले निघाले तेव्हा हे कळले. त्याच दुकानातून मिळालेल्या झोपेच्या गोळीने वेदना कमी झाली नाही, फक्त वेदनेत झोपाळलेपण मिसळले. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि म्हातारे माणूस रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडून घेते.

नसेच्या वेदनेची खरी औषधे थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात आणि त्यांचा पूर्ण गुण दिसायला काही आठवडे जातात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारे आणि बरे वाटले म्हणून एकाएकी बंद करणारे, दोघेही पुन्हा त्याच रात्रीत येऊन पडतात. एकाएकी बंद केल्याने त्रास उलट उसळतो. गॅबापेंटिन व प्रीगॅबलिन यांची मात्रा मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरते, म्हणून क्रिएटिनिनचा कागद सोबत न्यावा. प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, काचबिंदू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर अमिट्रिप्टिलीन सुरू होण्यापूर्वी ते सांगावे. वेदना १० वरून ० होईल अशी अपेक्षा धरू नये. ८ वरून ४ झाली आणि सलग पाच तास झोप मिळाली तर औषध लागू पडले असे समजावे. मला हे कोणी आधी सांगितले असते तर दोन चांगली औषधे मी निरुपयोगी ठरवून टाकली नसती.

ऋतू बदलला की त्रास परत येतो

औषध तेच, पथ्य तेच, तरी वर्षातून दोन-तीनदा झोप पुन्हा मोडते, याचे कारण आपल्या कामाच्या चक्रात असते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी एकामागून एक येतात तेव्हा जेवणाच्या व गोळीच्या वेळा सरकतात आणि दिवसभर वाकून कंबरेच्या नसा चिडतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास चिखलपाण्यात असतात, बोटांच्या बेचक्या कुजतात, आणि बधिर पायाला काटा रुतल्याचे रात्री सूज आल्यावरच कळते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर घरात झोपणे अशक्य होते. कूलरचा झोत थेट पायांवर घेऊ नये, तो डोक्याकडून वा भिंतीवर सोडावा.

सर्वांत अवघड असते ते हरभऱ्या-गव्हाचे ओलीत, कारण शेतपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीही येते, आणि रानडुकरांपासून राखण करायची तर जागलही असते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी आहे त्या आठवड्यात झोपेचे दोन तुकडे करण्यापेक्षा एकच सलग तुकडा, म्हणजे पाळी संपल्यावर पहाटेपासून सकाळी दहा-अकरापर्यंत, खिडकीवर गडद कापड टाकून घ्यावा, असा माझा अनुभव आहे. गुंगी आणणारी गोळी घेऊन विहिरीवर जाणे, अंधारात पाटाच्या कडेने चालणे किंवा ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लावणे जिवावर बेतू शकते, म्हणून पाळीच्या आठवड्यात गोळी केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना पाळी लागण्यापूर्वीच विचारून ठेवावे आणि त्या वेळा वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात. पायात लांब रबरी बूट व आत कोरडे मोजे असावेत, बूट घालण्यापूर्वी उलटा झटकून आत हात फिरवून पाहावा, आणि घरी परतल्यावर अंथरुणावर पडण्याआधी, कितीही थकवा असला तरी, दिव्याखाली दोन्ही तळपाय एकदा पाहून घ्यावेत. मी आरसा त्यासाठी ओसरीच्या खांबाला खालच्या बाजूने टांगून ठेवला आहे.